बाबांची तरंगणारी गाडी

गच्चीवर निळे प्लॅस्टिकचे ड्रम दिसले, की मला गोराईची खाडी आठवते. बाबांचे गुडघे गेले होते, त्यामुळे चिखल तुडवत जाऊन गळ टाकणं बंद झालं होतं. म्हणून गॅरेजवाल्या माझ्या भावाने बंद पडलेल्या एका रिसॉर्टमधून जाड टायरांची जुनी एटीव्ही, म्हणजे वाळूवर चालवायची चारचाकी बाईक, आणली आणि तिच्या दोन्ही बाजूंना रिकामे ड्रम आवळून बांधले. गाडीला बांधलेला दोर काठावर भावाच्या हातात होता आणि गाडीवर बाबा. पाण्यात शिरताच ती एका अंगाला कलली. "बाबा, उतरा!" मी किंचाळले. "गप गो! बुडालंय तर पेवत येतलंय," बाबा मालवणीत ओरडले; बुडालो तर पोहत येईन, म्हणे. गाडी डुलली, सावरली आणि चक्क तरंगली. चाकांनी पाणी मागे लोटत ती हळूहळू पुढे गेली. मग त्यांनी इंजिन बंद करून गळ टाकला. मासा काही लागेना. "बाबा, या ना आता!" भावाने हाक मारली, तर त्यांनी आमच्याकडे न बघताच 'थांबा' म्हणून हात हलवला. खाऱ्या पाण्याने इंजिनाची वाट लागली, दुरुस्ती पुढच्या रविवारवर जात राहिली आणि बाबाही गेले. आता त्यांचा चेहरा आठवायला गेले, की आधी पाण्यावरची ती पाठच दिसते. एकदा तरी वळून बघायला हवं होतं त्यांनी.