सकाळपुरता उन्हाळा

गेली तीन वर्षं ताई फोनवर "उन्हाळ्यात येते" म्हणतेय. म्हणून यंदा मीच बोर्निओ बेटावरच्या कुचिंग शहरात, तिच्याकडे निघाले. भायंदरला आमच्या इंद्रलोक वस्तीच्या गेटपाशी रिक्षात बॅग ठेवताना आईने बजावलं, "नुसती बघत बसू नकोस. कायमची परत येतेय की नाही, नीट विचार तिला."

विचारणं मला जमत नाही. बघणं जमतं.

कुचिंग विषुववृत्ताजवळ आहे. विमानतळाबाहेर पडताच चष्म्यावर वाफ धरली. कुणीतरी नुकतंच आंघोळ करून गेलेल्या बाथरूमसारखी हवा. आठवडाभर ती तशीच राहिली. शहराबाहेरच्या जंगलात एका झाडाला मोहोर होता, दुसऱ्याला फळं, तिसऱ्याची पानं गळत होती. कुणाचा कुणाशी मेळ नाही. परतताना एका टपरीवर लसणात परतलेलं मिडिन (कोवळं रानटी नेचं) खाल्लं. छान कुरकुरीत होतं.

रविवारी आम्ही गॅलरीत साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. घरमालकीण रोस्ना बघायला आली. तिला सगळे 'काक' (ताई) म्हणतात. आमचं बोलणं इंग्रजीतच चाललं.

"किती दिवस वाळवायच्या?"

"तीन-चार. कडक उन्हात," मी म्हटलं. "तुमच्याकडे उन्हाळा कधी सुरू होतो?"

काक मनापासून हसली. "उन्हाळा? होता की आज सकाळी. संपत आला."

तीनच्या सुमारास आभाळ फुटलं. प्लास्टिक ओढून आत घेईपर्यंत पापड्यांची पुन्हा खीर झाली होती. ताई ती बोटाने चाटत बसली. मला एकदम कळलं.

"म्हणजे तू कुठल्या उन्हाळ्यात येणार होतीस?"

"हुशार झालीस गं," ती म्हणाली. मग हसू आवरून, "नाही येणार मी. इथे बरं चाललंय माझं. आईला सांगवत नाही. तू सांगशील?"

मी मान डोलावली.

शाळेत विषुववृत्तीय हवामानावर मी 'वर्षभर उष्ण व दमट, ऋतुबदल नाही' असं लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. अशा ठिकाणी माणसाला परतायची आठवण करून देणारंही काही नसतं, हे उत्तरात नव्हतं.

भायंदरला पोचल्यावर बॅग उघडायच्या आधीच आईला सांगितलं, "ताई येत नाहीये. कधीच."

आईने माझी बॅग आत ओढली.

"रोज पाऊस पडतो ना तिथे?"

"रोज."

"मग कपडे कसे वाळवते गं ती?"