दुखते त्याच दिवशी

“होते बाप्पा, बाईमाणसाले होतेच.” असं म्हणून काकू हसायच्या आणि ओटीपोट दाबून धरायच्या. पांढुर्ण्यात आमच्या समोर राहायच्या, साड्यांना फॉल लावायच्या. अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल. नीट बघा.

सिझेरियनच्या व्रणाजवळ त्यांना गाठ होती. पाळी आली की सुजायची, ठणकायची. आणि पाळीत उंबरा ओलांडायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. पाचव्या दिवशी न्हाऊन काकू दवाखान्यात जायच्या, तोवर गाठ बसलेली. डॉक्टर म्हणायचे, चरबी आहे. वर्षानुवर्षं हेच. पाळीबद्दल एकानेही विचारलं नाही. लोक म्हणतात, डॉक्टरांना दोष देऊ नये. मी देते.

मी बायकांच्या आरोग्याची पत्रकं वाटत फिरते. एकदा पाळीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात उभी राहिले. “काकू, नागपूरला चला. आत्ता.”

“पागल झाली काय पोट्टे? बुढी घर डोक्यावर घेईन.”

“घेऊ द्या.”

सासूबाई आतून कडाडल्या, “अशा दिवसात गाडीत बसून जाते?”

काकूंनी चपला घातल्या. “पोट दुखून राहिलं आई, उभी कशी जाऊ?”

नरखेड येईपर्यंत त्या हसत होत्या, शाळा बुडवलेल्या पोरीसारख्या.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच विचारलं, “पाळीतच दुखतं का?” मी खुर्चीवरून उठलेच. गाठीचा तुकडा तपासला. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी व्रणात रुजल्या होत्या. ह्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. त्यात कर्करोग क्वचितच होतो. काकूंच्या गाठीत झाला होता.

ऑपरेशननंतर त्या माझ्यासोबत बोरगावच्या सभेला आल्या. मी पत्रक वाचत होते, त्यांनी ते बाजूला सारलं.

“बायांनो, दुखते त्याच दिवशी जा. बरं वाटल्यावर कोण जाते दवाखान्यात?”

मागून एक सून हळूच म्हणाली, “मले आजच दुखून राहिलं. टाक्यापाशी.”

“मंग बसली काहून? उठ.”

सभा तशीच टाकून काकू तिला घेऊन निघाल्या. काकूंचा रोग तोवर पुन्हा पसरला होता. पुढच्या सभेला त्या नव्हत्या. आता कुठेच नाहीत. पण त्या दिवशीचा बोरगावचा रस्ता मला अजून दिसतो. त्या सुनेचा हात धरून काकू झपाझपा चालल्यात, मी पत्रकं सांभाळत मागून धावतेय.

“काकू, हळू चला.”

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. “तू ये मागून. आमची बस सुटते.”