ताणातलं पाणी

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की मला एका जागी बसवायचं असेल तर समोर चुकीचा कोड ठेवावा. मी बसते खरी, पण पाय हलत राहतात, नखं कुरतडली जातात, आणि घरात कोणी साधं ‘चहा घेतेस का’ विचारलं तरी अंगावर धावून जाते. आम्ही अमरावतीत राहतो आणि मी घरूनच काम करते. आमची कंपनी शेतात ठिबकचं पाणी सोडणाऱ्या पेट्या बनवते. पेटीत एक छोटा संगणक असतो. त्याचा गाभा म्हणजे कर्नेल, आणि व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, केव्हा मिटायचा, पंप केव्हा सुरू करायचा हे त्या कर्नेलमध्ये बसून ठरवणारा कोड आम्ही चौघं सांभाळतो. पेट्या नांदगाव पेठेत जोडतात, साहेब पुण्यात बसतात, आणि चिडचिड माझ्या घरात होते.

या कोडमध्ये आकडा ठेवायला डबे असतात. काही लहान, काही मोठे. काहींना उणे आकडा कळतो, काहींना कळतच नाही. वेळेचा एकच आकडा आमच्याकडे चार फायलींतून फिरायचा आणि प्रत्येक फायलीत वेगळ्या डब्यात बसायचा. मला ते बघवत नसे. कोड तपासणारा कंपायलर तर याबद्दल इशारा देतोच, पण कोणीतरी कधीतरी कटकट नको म्हणून तो इशाराच बंद करून टाकलेला. मी साहेबांना लिहिलं, सगळीकडे एकच टाइप, म्हणजे एकाच मापाचा डबा, करूया. त्यांचं उत्तर आलं, “चालतंय ना? मग हात कशाला लावता?” हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. चालतंय हे काय कारण झालं?

त्या दिवशी मी हट्टानं बसले आणि वेळेचा आकडा पहिल्या फायलीपासून शेवटच्या फायलीपर्यंत बोटानं माग काढत गेले. शेवटचं पाणी देऊन किती वेळ झाला, हे आमचा कोड उणे कळणाऱ्या लहान डब्यात ठेवत होता. साधारण साडेतीन आठवडे पाणी न देता पेटी सलग चालू राहिली की तो डबा भरतो आणि आकडा उलटून उणे होतो. पुढच्याच ओळीत तो उणे आकडा एका मोठ्या, उणे न कळणाऱ्या डब्यात ओतलेला. तिथं तो अवाढव्य होतो. पेटीला वाटतं युगं लोटली, ठरलेली मुदत कधीच संपली, सोडा पाणी.

हे आजवर कोणाला दिसलं नाही, कारण आपल्याकडे तीन आठवडे सलग लाइट असते कुठे? लाइट गेली की पेटी बंद, आली की मोजणी पुन्हा शून्यापासून. आमची चूक वर्षानुवर्षं लोडशेडिंगनं झाकली होती. मला हसू आलं, आणि लगेच ते ओसरलं. माझ्या भावाच्या शेतातली आमची पेटी सौर पॅनेलवर आणि बॅटरीवर चालते. ती कधी बंदच पडत नाही.

भावाची संत्र्याची बाग बार्शीटाकळीच्या पलीकडे आहे. आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडावं लागतं, त्याला ताण देणं म्हणतात; तेवढे दिवस पेटीत लांबची मुदत घालून ठेवतात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड अगदी केविलवाणं दिसतं. मग पाणी दिलं की ते फुलांनी लगडतं. पण ताणात मधेच पाणी मिळालं तर सगळं फसतं. फुलांऐवजी नवती फुटते, म्हणजे नुसता कोवळा हिरवा पाला.

गेल्या वर्षी तसंच झालं होतं. भाऊ अकोल्याला लग्नाला गेलेला, वहिनी शेतातल्या घरी एकटी. तो परत आला तर बागेत झाडांखाली ओल. घरचं पाणी आणि बागेचं पाणी एकाच पंपावर, दोन्ही नळांच्या चाव्या शेजारी शेजारी. वहिनीनं धुण्यासाठी पंप लावला होता, एवढं सगळ्यांना पुरलं. ती म्हणाली, “म्या बागेच्या चावीले हातबी नाई लावला.” भाऊ म्हणाला, “मंग का पाणी आपोआप आलं?” वर्षभर ज्याच्या त्याच्या तोंडी तिचंच नाव झालं. बहार गेलेल्या बागेत पाहुणे आले की कोणीतरी हसून विचारायचं, यंदा धुणं कधी? भावानं पंपाच्या मोटारघराला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या करदोड्याला बांधली. स्वतःच्या घरात घागरभर पाण्यासाठी वहिनी त्याला हाक मारायची. मला हे सगळं माहीत होतं, आणि वहिनी चुकली असेल की नसेल याचा मी कधी विचारसुद्धा केला नव्हता.

आता मला दुसरं काही सुचेना. यंदाचा ताण सुरू होऊन साडेतीन आठवडे होत आले होते. भावाला फोन केला. पेटी बिघडलेली आहे, बागेची मुख्य चावी हातानं बंद कर, असं सांगितलं. तो म्हणाला, “एवढंच ना? बंद करून चालू करतो पेटी.”

“नको!” मी एवढ्यानं ओरडले की नवरा आतून धावत आला.

बंद-चालू केली असती तर बाग वाचली असती, हे मला कळत होतं. पण मोजणी शून्यावर गेली असती आणि वहिनीवरचा आळ जागच्या जागी राहिला असता. फोन वहिनीनं घेतला. मी तिला पेटीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाई, पेटीले कोणी हात लावत नाई. तुमी या.”

दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसले. मूर्तिजापूर जाईपर्यंत तीनदा तोच हिशोब कागदावर मांडला आणि तीनदा खोडला. आपलं चुकलं तर? पाणी आलंच नाही तर वहिनीचं काय होईल? ती एकदा खोटी ठरली होती, माझ्या भरवशावर दुसऱ्यांदा ठरेल. अकोल्याच्या स्टँडवर मी चहा घेतला आणि तो तसाच टाकून बार्शीटाकळीची गाडी पकडली.

शेतात पोचले तेव्हा वहिनीनं सगळं ठरवून ठेवलं होतं. मी म्हणत होते पंप बंद ठेवू, व्हॉल्व्हचा ‘टक’ आवाज आला की पुरे. ती म्हणाली, “टकटक आयकून कोणी मानत नाई. पाणी दिसलं पाह्यजे.” म्हणून भावानं कुरकुरत बागेकडे जाणारा पाइप काढला आणि त्याचं तोंड जनावरांच्या हौदात सोडलं. पाणी आलंच तर हौदात पडेल, झाडांना थेंब जाणार नाही. मग मोटारघर उघडं ठेवून तो दारातच उकिडवा बसला. मी पेटीसमोर, हातात फोन, साहेबांना दाखवायला चित्रण करायचं म्हणून. वहिनी मात्र जवळ आली नाही. ती गोठ्यापाशी, पार टोकाला उभी राहिली. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले.

“इकडे ये ना,” मी म्हटलं.

“मी अठीच बरी हाय.”

ऊन वर आलं, कललं. माझ्या हिशोबाची वेळ येऊन गेली. काही झालं नाही. मी उठले, बसले, पेटीचा पडदा पुसला, पुन्हा उठले. शेवटचं पाणी नेमकं केव्हा बंद केलं हे भावाला धड आठवत नव्हतं, आणि माझा सगळा हिशोब त्याच्या आठवणीवर उभा. मी त्याच्यावरच खेकसले. तो म्हणाला, “तू कावून एवढी भडकून राह्यली? नाई तर नाई. मशीन हाय, आपल्यापेक्षा तिलेच जास्त समजते.” आणि धोतराची धूळ झटकत उठलासुद्धा.

मी वहिनीकडे बघायचं टाळलं. जेवायला चला, असं तिनं म्हणावं आणि हे संपावं, असं मला वाटत होतं. ती जागची हलली नाही.

टक.

पेटीवरचा हिरवा दिवा लागला, पंप घरघरला, आणि हौदात पाणी कोसळायला लागलं. कोणी कशाला हात लावला नव्हता. चाव्या होत्या तशा. भाऊ वाकला, पाण्याखाली हात धरून तसाच राहिला. माझ्या हातातला फोन चित्रण करत होता का, मला आजही ठाऊक नाही. कोडातली ती चूक सुधारणारा बदल नंतर मी पाठवला, साहेबांनी तो ‘किरकोळ सफाई’ असा शेरा मारून घेतला, आणि सगळ्या बागांतल्या पेट्यांत तो गेला. त्या क्षणी मात्र मला रडू येत होतं आणि मी दात आवळून उभी होते.

वहिनी चालत आली. हात अजून पदरातच. भावानं करदोड्याची गाठ सोडवली, किल्ली काढून तिच्यापुढे धरली. “घे,” तो म्हणाला. “तुह्यापाशी ठेव.”

तिनं हात बाहेर काढले नाहीत.

“मी वर्सभर सांगून राह्यली,” ती म्हणाली, “ते तुमाले नाई पटलं. पेटीनं सांगतलं, ते पटलं.”

मग ती घरात गेली. भाऊ किल्ली धरून उभा होता, मी पेटीकडे बघत होते, आणि हौद भरून वाहायला लागला तरी पंप बंद करायचं दोघांपैकी कोणाला सुचलं नाही.