कोपीसाठी दिवा

दिवाळी झाली की आमच्या केज तालुक्यातली माणसं ट्रकात बसून ऊसतोडीला निघतात. माझी धाकटी बहीण आणि दाजी दोन वर्षांपासून जातात. मी गावातल्याच शाळेत क्लार्क आहे, पंख्याखाली बसून पगार घेतो. त्यामुळे असेल, बहिणीला काय हवं नको ते तिच्यापेक्षा मलाच जास्त कळतं, असा माझा ठाम समज होता.

मागच्या हंगामात तिच्या कोपीत, म्हणजे फडाशेजारी बांबू, ताडपत्री आणि उसाच्या पाचटानं उभारलेल्या झोपडीत, साप निघाला. अंथरूण उचलताना हाताला गार लागलं, म्हणून ती वाचली. हे तिनं फोनवर हसत सांगितलं आणि इकडं माझी झोप उडाली. तेव्हाच ठरवलं, यंदा तिला असा दिवा घेऊन द्यायचा की कोपीत मुंगी चालली तरी दिसली पाहिजे.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिला घेऊन केजच्या बाजारात गेलो. दुकानदारानं काउंटरवर चार्जिंगच्या दिव्यांची रांग मांडली. मी एकेकाची माहिती देत सुटलो, जणू दुकान माझंच.

"लई उजेड होतो, दादा," ती म्हणाली. दुसरा दाखवला. "ह्यो बी लईच हाय."

"अगं बये, उजेड घ्यायला आलोत का अंधार?" मी वैतागलो. दुकानदार हसला. आपल्या विनोदावर मीही खूश झालो.

ती सगळ्यात मोठा दिवा उचलून मागच्या अंधाऱ्या गोदामात गेली. दाराला पडदा म्हणून जुनी साडी टांगली होती. आत दिवा लागला.

"दादा, तिथूनच सांग. काय दिसतंय?"

साडीवर तिची सावली उभीच्या उभी उमटली होती. अंबाडा, खांदा, कोपरात वाकलेला हात.

"समदं दिसायलंय!" मी ओरडलो. "बांगड्या बी दिसायल्यात! म्हणत न्हवतो, माल कडक हाय!"

ती बाहेर आली, दिवा काउंटरवर ठेवला. "मंग कोपीच्या बाहेर बसलेल्याला काय दिसत आसंल?"

मी पुन्हा त्या साडीकडं बघितलं. दुकानदार उगीचच खोकी लावायला लागला.

मग तिनंच खाली बघत सांगितलं. पाचटाला फटी असतात, ताडपत्री विरलेली. आजूबाजूला वीसेक कोप्या, शेकोटीला बसलेली माणसं, ट्रॅक्टरवाले. आत उजेड केला की बाई बाहेरून दिसते. म्हणून टोळीतल्या बायका कपडे बदलताना, अंग धुताना दिवा विझवतात. साप निघाला तेव्हाही तिनं अंधारातच साडी बदलली होती आणि अंधारातच अंथरुणाला हात घातला होता. फोनवर हे तिनं सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, दिवा का नव्हता म्हणून.

"दाजींना सांगितलंस का?"

"दोन डाव भांडले की ते. कुणाकुणासंगं भांडतील? काम तिथंच करायचंय आमाला."

मला भयंकर राग आला आणि तो कुणावर काढावा हे कळेना. त्यांच्या टोळीच्या मुकादमाला फोन लावायला मोबाईल बाहेर काढला. पण त्याला सांगणार काय, कोपीला भिंती बांध म्हणून? मोबाईल खिशात ठेवला. 'यंदा जाऊच नको' असं अगदी तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याच्या पुढचं वाक्य, म्हणजे मग राहायचं कुठं आणि खायचं काय, हे माझ्याकडे नव्हतं. मोठा भाऊ म्हणून इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

तोवर तिनं किल्लीला अडकवायची, अंगठ्याएवढी बॅटरी शोधून काढली होती. ती लावली आणि मूठ मिटली. उजेड बोटांच्या आतच राहिला.

"ही बरी हाय."

"अगं, हिनं साप कसा दिसंल?"

"न्हाई दिसला तर न्हाई," ती म्हणाली. "सापाला काठी तरी हाणता येती, दादा."

मी दुकानदाराकडं त्या बॅटरीचे जादा सेल मागितले. दुसरं काय मागणार होतो?