हापूसचं कलम आणि बाबांचा सापळा

उत्तरेत, मानक नगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमागे आईने देवगडहून आणलेलं हापूसचं कलम लावलं, तेव्हा भिंतीपलीकडचे अंकल खूप हसले. त्यांचं घराणं मलिहाबादचं. दशहरीखेरीज दुसऱ्या आंब्याला ते आंबा मानतच नसत. "भाभीजी, परदेसी है बेचारा. टिकेगा नहीं." आईने हसून "देखेंगे" म्हटलं आणि घरात येऊन भांडी आपटली. माहेरून इथल्या चारबाग स्टेशनपर्यंत तिने ते कलम जपून आणलं होतं. रात्रभर बर्थवर ते झोपलं होतं आणि ती बसून होती. आता ते जगणं हा आमच्या घराच्या अब्रूचा प्रश्न झाला.

आणि नेमकी एक घूस त्याच्या मुळाशी उकरायला लागली. रोज सकाळी आळ्यात नवा खड्डा आणि मान टाकलेली पानं. आई माती लोटून खड्डा बुजवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

विषाला आईचा विरोध होता. बाजारातून पिंजरा आणणं हे बाबांना कमीपणाचं वाटे, कारण ते रेल्वेत इंजिनिअर. ते स्कूटरवरून थेट मलिहाबादला गेले आणि एका बागवाल्याकडून कोल्ह्यांसाठीचा जुना लोखंडी सापळा घेऊन आले. दोन अर्धगोल जबडे, मध्ये तबकडी. तबकडीवर पाय पडला की जबडे मिटून पाय धरतात. हा मात्र धड मिटायचाच नाही. एक जबडा खिळखिळा, खालची पट्टी वाकलेली, स्प्रिंग दमलेली. "ले जाइए साहब," बागवाला म्हणाला होता म्हणे, "हमारे यहाँ तो सियार इस पर बैठ के सुस्ताते हैं."

अंकलनी भिंतीवरून पाहिलं. "आलमबाग में वेल्डिंग करा लीजिए. दो मिनट का काम है."

"वेल्डिंग?" बाबांचा चेहरा पुरणपोळीवर कोणी केचप मागावा तसा झाला. "स्प्रिंगच्या शेजारी आच? अहो, ताव उतरेल तिचा! मऊ पडेल!" हे त्यांनी अंकलना मराठीतच सांगितलं. फार चिडले की ते हिंदी विसरत.

मग व्हरांड्यात कारखाना सुरू झाला. झिजलेले रिव्हेट काढून तिथे बोल्ट आले, आणि प्रत्येक बोल्टवर एकाऐवजी दोन नट, एकावर एक आवळलेले, म्हणजे हिसक्याने ढिले होणार नाहीत. वाकलेल्या पट्टीला वर-खाली दोन जाड पट्ट्या लावून मध्ये दाबलं, रुळांचा सांधा जोडतात तसं. जुनीच्या जोडीला दुसरी स्प्रिंग आली. घुशीचा पाय मोडता कामा नये अशी आईची अट होती, म्हणून जबड्यांना स्कूटरच्या जुन्या ट्यूबचं रबर आलं. साखळी आली, तिच्यासाठी जमिनीत ठोकायला हातभर लांब खुंटी आली.

"आता लौकी आण," बाबा मला म्हणाले. म्हणजे दुधी, घुशीचा पाय म्हणून.

"ती रात्रीची भाजी आहे!" आई आतून ओरडली.

"अर्धी चाचणीला, अर्धी भाजीला."

लौकीने तबकडी दाबली, काही झालं नाही. दोन स्प्रिंगांच्या जोराने खटका जाम झाला होता. बाबांनी लौकी ठेवून स्वतः बुटाने दाबलं, तरी काही नाही. मग त्यांनी खटका कानशीने घासला. थोडा जास्तच. पलीकडे अंकल खोकले आणि सापळा फटकन मिटला.

"अब खाँसने से पहले आपसे पूछ लूँ?" अंकलनी विचारलं.

"जमलं!" बाबा म्हणाले.

"बाबा, चूहा तो आवाज़ से ही मर जाएगा," मी म्हटलं. मला मराठी समजायची सगळी, पण तोंडातून हिंदीच यायची, आणि तीही घरातल्या घरात. बाहेर मी कुठल्याच भाषेत फारशी बोलत नसे.

पुढच्या आठवड्यात कलमाशेजारी मांडलेल्या सापळ्याने कडुलिंबाची फांदी धरली, बाबांची चप्पल धरली आणि पेपरवाल्याने फेकलेला पेपर धरला. बाबांनी तो मधोमध चुरगळलेला पेपर अभिमानाने वाचला. घुशीने मात्र शेजारीच नवे खड्डे काढले. कलमाची खालची पानं गळली. आईने भांडी आपटणंही सोडलं, तेव्हा आम्ही घाबरलो.

अशाच एका सकाळी बाबा दूध आणायला आणि आई फिरायला गेली असताना मी पूजेची फुलं तोडायला मागे गेले. वाकले, आणि खट्. कुर्त्याचा घेर जबड्यात. ओढून पाहिला, रबरामुळे फाटेना आणि नटांमुळे सुटेना. स्प्रिंगा दाबायला माझ्या दुप्पट वजनाचं माणूस हवं होतं.

ओरडले असते. पण पलीकडे अंकलकडे पाहुणे आले होते आणि सगळे अंगणात चहा पीत होते. एक हाक मारली असती तर ते कप-बशांसकट भिंतीवर टेकले असते. मी खाली बसले आणि श्वाससुद्धा हळू घ्यायला लागले.

मी इतकी गप्प बसले की घूस बाहेर आली. गलेलठ्ठ, सकाळी फिरायला निघालेल्या निवृत्त माणसासारखी. सापळ्याला वळसा घालून आली, माझी चप्पल हुंगली, तिला काही आवडली नाही. मग कलमाशी जाऊन तिने उकरलं आणि मातीतून एक तुकडा काढून, बसून, दोन्ही हातांनी खायला लागली. मूळ नव्हतंच ते. ती शेंगदाण्याची पेंड होती. आमच्या गावाकडे आंब्याला पेंड घालतात म्हणून बाबा दर रविवारी स्वतःच्या हाताने ती घालत होते.

बाबा आले. मला पाहून त्यांचे डोळे चमकले. "बघ! पकड बघ! कापड फाटलंय का कुठे?"

"आधी पोरीला सोडा!" मागून आई.

कापड अडकून स्प्रिंगा दबेनात, म्हणून बाबा दोन पाने घेऊन नट सोडवायला बसले. एक सुटला की खाली दुसरा.

"बाबा," मी म्हटलं, "वो जड़ नहीं खाता. आपकी पेंड खाने आता है."

पाना थांबला. आईने खुरपं घेतलं आणि आळ्यातला पेंडेचा तुकडा न् तुकडा वेचून बादलीत टाकला.

"यापुढे मी शेणखत घालीन," ती म्हणाली. "तुम्ही या झाडाच्या जवळ यायचं नाही."

"खुंटी तेवढी काढू का?"

"मी काढीन."

घूस आणखी दोन-चारदा येऊन, शोधून, कंटाळून गेली. पुढे कलमाला शेंड्याशी तांबूस, लुसलुशीत पानं फुटली. आईने सगळ्यांना हाक मारली. मी जवळ जाऊन पाहिली. बाबांनी ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर उभं राहून, चष्मा पुन्हा पुन्हा पुसत पाहिली.