विहिरीत विष कोणी कालवलं?

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मांडवीच्या गर्दीत स्कूटर रेटत होतो. "मकरंद गेला," एवढंच त्या म्हणाल्या. मागचा रिक्षावाला "चालो ने भाई" म्हणून हॉर्न वाजवत होता आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता कधीच कळणार नाही... इतका जवळचा मित्र गेला आणि मला आठवला तो त्याच्या गोष्टीतला खलनायक.

मकरंद कॉलेजात गणित शिकवायचा. रविवारी सकाळी दांडिया बाजारातल्या त्याच्या घरी आम्ही जमायचो, मी, प्रसाद आणि हेतल. हेतल त्याच्या शेजारात वाढलेली. मराठी आमच्यासारखंच बोलते, फक्त चिडली की गुजरातीवर जाते. आमचा खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून रचायची गोष्ट. मकरंद ती सांगायचा, आम्ही प्रत्येकजण तिच्यातलं एकेक पात्र व्हायचो, आणि पात्राने केलेली धडपड साधते की फसते ते फासे ठरवायचे. पन्नाशीकडे झुकलेली माणसं असलं काही खेळतात याचं लोकांना हसू यायचं. त्याची बायको, आमच्या वहिनी, पोह्यांच्या बश्या ठेवताना विचारायच्या, "आज कोण मेलं?"

त्याच्या गोष्टीत वाळवंटाकाठचं एक शहर होतं आणि तिथल्या विहिरींत कुणीतरी विष कालवत होतं. मी पहारेकरी, प्रसाद चोर आणि हेतल रेवा नावाची वैद्यीण. वर्षानुवर्षं आम्ही त्या विष घालणाऱ्याला शोधत होतो. मकरंदने एक तुसडा प्रधान उभा केला होता, त्याच्यावर आम्ही कितीतरी रविवार घालवले. मग एक गोडबोल्या सावकार. दोघेही निर्दोष निघाले. मी एकदा वैतागून विचारलं, "अरे, तू त्याला लपवतोस तरी कुठे?" तो हसला. "लपवलं की लोक शोधतात रे. त्याच्यावाचून तुमचं पान हलू नये, एवढं बघायचं. मग तुम्हीच त्याला सांभाळता."

एकदा प्रसादला रेवाचाच संशय आला होता. तेव्हा ती सगळ्यांसमोर विष कालवलेल्या विहिरीचं पाणी प्यायली. हेतलने फासे टाकले, दान उलटं पडलं, रेवा मरता मरता वाचली. प्रसादने चक्क हेतलची माफी मागितली. त्यानंतर तिच्याविषयी कुणी ब्र काढला नाही.

गोष्ट शेवटाला आली होती. "आता थोडंच राहिलंय," असं मकरंद म्हणाला आणि त्याच आठवड्यात वर्गात शिकवताना कोसळला. मेंदूत रक्तस्राव. जीव वाचला, पण बोलणं गेलं. लिहिताही येईना. त्याच्याकडे एकच शब्द उरला होता, 'पाणी'. उशी सरळ करायची असली तरी पाणी, पंखा नको असला तरी पाणी. डोळे मात्र तेच होते, सगळं समजत असलेले. माझा इतका हुशार मित्र एका शब्दात कोंडला गेला होता, आणि आम्ही बाहेरून नुसते धडका देत होतो.

गोत्रीकडच्या हॉस्पिटलात आम्ही तिघे त्याला भेटलो ती शेवटची भेट. प्रसादने त्याचा हात हातात घेतला. "मक्या, मी एकेक नाव घेतो. बरोबर आलं की दाब." प्रधान... दाबला. सावकार... दाबला. राजाचा भाऊ... दाबला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्याच्या हो-नाहीवर विसंबू नका. तरी प्रसाद नावं घेत राहिला, त्याचा आवाज चिरकायला लागला. मकरंदचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या. त्याने हेतलकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाणी... पाणी!" तिने पेला पुढे केला. त्याने तो ढकलून दिला. पुन्हा तेच, "पाणी!" ती तशीच बाहेर निघून गेली. तिला बघवलं नाही, असं मी समजलो.

तो गेल्यानंतर आम्ही वहिनींना भेटायला गेलो, तेव्हा हेतल एकाएकी म्हणाली, "मी होते. रेवा. पहिल्या दिवसापासून."

विष घालणारी रेवाच, हे मकरंदने तिला खेळ सुरू होण्याआधीच सांगून ठेवलं होतं आणि वचन घेतलं होतं, 'मी म्हणेपर्यंत कुणाला कळता कामा नये.'

प्रसाद ताडकन उठला. "तो तडफडत होता आणि तू बघत राहिलीस?"

"वचनातून सोडवायला तोच हवा ना!" हेतल ओरडली. "सांग म्हणत होता की नको सांगू म्हणत होता? कोई तो कहो मने... पाणी म्हणजे काय?" ती वहिनींकडे वळली. "तुम्हाला तर कळत असेल."

"मलाही नाही कळायचं गं," वहिनी म्हणाल्या. "मी अंदाजाने करत राहायचे. कधी बरोबर असायचं..."

पुढच्या रविवारी वहिनींनीच आम्हाला बोलावलं. "पोहे केलेत. काय ते संपवून टाका." आम्ही बसलो. हेतलने मान खाली घालून रेवाचा कबुलीजबाब सुरू केला. ती विष कसं आणायची, आमच्याच जखमा बांधताना पहाऱ्याच्या वेळा कशा विचारून घ्यायची... हळूहळू तिचा आवाज रेवाचा झाला. मला राग आला, खराखुरा. आम्ही पुरते फसलो होतो. मकरंदला हेच हवं होतं आणि हे बघायला तोच नव्हता.

"विहिरीचं पाणी स्वतः प्यायलीस ते?" प्रसादने विचारलं.

"उतारा आधीच घेतला होता. थोडा कमी पडला."

"ही लबाडी आहे! मक्या, हे असं चालतं का?" म्हणत प्रसाद टेबलाच्या त्या टोकाकडे वळला. त्याच क्षणी मीही वळलो होतो, हेतलही. कुठलाही वाद झाला की निकालासाठी तिकडेच बघायची आमची सवय. तिथे भिंत होती आणि खिडकीतून आलेलं ऊन.

वहिनी दारात उभ्या होत्या.

"माझीही वळते मान," त्या म्हणाल्या. "रोज."