लाल शाईने खोडलेलं पाऊल

कोळसा खाणीच्या ऑफिसात मी वैद्यकीय बिलं तपासायचो. माझ्याकडे लाल शाईचं पेन होतं आणि त्याचा मला नको इतका गर्व होता. एकाच गोष्टीची कुणी दोनदा मागणी केली की मी ती बरोबर पकडायचो. याच्या नजरेतून काही सुटत नाही, असं साहेब म्हणायचे आणि मी फुगायचो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नागभीडकडच्या आमच्या एका कामगाराचा पाय डंपरखाली गेला आणि मांडीपासून कापावा लागला. कृत्रिम पाय बसवणाऱ्या नागपूरच्या एका केंद्राने त्याच्यासाठी कॉम्प्युटरचा गुडघा सुचवला. माणूस अडखळला तर तो गुडघा स्वतःच आवरतो, असं ऐकून ऑफिसभर कौतुक झालं. मंजुरीही आली.

केंद्राच्या कागदावर मात्र शब्द नव्हतेच, नुसते कोड. मांडी बसते त्या खोबणीचा एक, गुडघ्याचा एक, बॅटरीचा एक, पावलाचा एक. त्याखाली पुन्हा पावलाचाच कोड, फक्त शेवटी एक अक्षर जास्त. त्या अक्षराचा अर्थ सांगणारं पुस्तक साहेबांच्या कपाटात आणि साहेब रजेवर. थांबायला काय हरकत होती? पण मी थांबलो नाही. "गेला एक पाय, मग पावलं दोन कशाला?" असं शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो आणि ओळ खोडली. सगळे हसले.

काही दिवसांनी तो कामगार नवा पाय लावून माझ्यापुढे उभा राहिला. चाल चांगली होती, पण नजर जमिनीवरून हटत नव्हती.

"बाबूजी, ते दुसरं पाऊल अजून नाई आलं," तो म्हणाला. "हे बुटाच्या टाचेच्या मापानं बसवलं हाय म्हणे. बूट काढून चाललो तं मांगं पडीन. अनवाणी चालाचं पाऊल येगळं येईन, असं कारागिरानं सांगतलं."

त्या जादा अक्षराचा अर्थ तेव्हा कळला. पण चूक कबूल करायची म्हणजे फाइल पुन्हा उघडायची, साहेबांपुढे मान खाली घालायची. मी आवाज चढवला.

"किती पाय पाहिजेत भाऊ तुमाले?"

तो ओशाळून हसला आणि निघून गेला. त्या हसण्याची आठवण झाली की आजही माझी मलाच किळस येते.

धान निघायच्या दिवसांत, दिलेला पाय वापरात आहे की नाही हे पाहायला मलाच त्याच्या गावी पाठवलं. घरी त्याची बायको होती. तिने पाणी दिलं आणि विचारल्याशिवायच बोलायला लागली.

"तो घरात बूट घालूनच फिरते जी. चुलीपाशी येत नाई, देवापाशी येत नाई. खळ्यावर तं आज पयल्यांदाच गेला. नोको जाऊ म्हटलं मी."

मी घाईने निघालो.

खळं गावाबाहेर होतं. सारवलेल्या जमिनीवर धानाची रास पडली होती. तो काठावर काठी टेकून उभा होता. मला पाहून त्याने हात जोडले. मी जवळ गेलो आणि धानापुढे कुणीही करतो तसं सवयीने चपला काढल्या. मला अनवाणी पाहून तो लाजला. वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

"राहू दे," असं मला म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं.

"लक्ष्मीपाशी बूट घालून कसा येऊ जी?" असं म्हणत त्याने दोन्ही बूट बाजूला ठेवले आणि काठी सोडून हात जोडत दोन पावलं चालला. तिसऱ्याला तो मागे कलला. मी हात पुढे केला तोवर तो पडलेला होता.

खळ्यावरच्या बाया ओरडत धावल्या. त्याला उठता येईना. कपाळावर घाम, ओठ पांढरे. तरी माझी बाही धरून म्हणाला, "बाबूजी, पाय चांगला हाय असंच लिवा. खराब लिवलं तं वापस नेतीन."

मी रिपोर्ट लिहिला: उपकरण सुस्थितीत. ते खोटं नव्हतं. गुडघा शाबूत होता, बॅटरीही चालू होती. मोडलं होतं ते त्याच्या चांगल्या पायाच्या खुब्याचं हाड. तो पुन्हा उभा राहिला नाही.